हळदीच्या पेवातली वाईन

"दोघं हायती खाली. आदी कुणाला बांधू?"

पेवातून हमालाचा आवाज आला. नाकातोंडाला ओलं फडकं होतं, म्हणून तो नीट कळला नाही. त्यानं परत विचारलं. आण्णा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. पेव त्यांचं, हमालही त्यांचाच.

मी वाकून ओरडले, "माझ्या मालकाला. खाकी चड्डीवाल्याला बांध."

हे मी म्हटलं. आता म्हातारपणी शब्द फिरवत बसायचा कंटाळा येतो, म्हणून आहे तसं सांगते.

पेव म्हणजे हळद साठवायचा खड्डा. वर एक माणूस उतरेल एवढं तोंड आणि खाली रांजणासारखं पोट. सांगलीजवळ हरिपुरात अशी पेवं ढिगानं होती. आण्णा हळदीचे व्यापारी, जैन. पेवाशेजारीच त्यांचं गोदाम होतं आणि माझा नवरा तिथं राखणदार होता. आम्ही मूळचे रहिमतपूरचे. नवरा तरुणपणी फौजेत होता. दुसऱ्या मोठ्या लढाईत त्याला इटलीला नेलं होतं. तिथं एका शेतकऱ्याच्या घरात त्यांची तुकडी महिनाभर राहिली आणि हा द्राक्षाची दारू प्यायला आणि करायलाही शिकून आला. हातभट्टीला तो कधी शिवला नाही. "त्ये जनावराचं प्यानं," म्हणायचा. वाईन म्हणायचा, तीही अशी, की देवाचं तीर्थच.

तिघा दोस्तांतले तिसरे मास्तर. तेही रहिमतपूरचेच, सांगलीत प्राथमिक शाळेवर होते. त्यांच्या मेव्हण्यानं कवठे महांकाळच्या बाजूला विहिरीवर द्राक्षबाग लावली होती. सत्तर सालानंतर तिकडं ते खूळ नवीनच निघालं होतं. घडातून गळलेले, फुटलेले मणी बाजारात कुणी घेत नसे. मास्तर ते पाटीत घालून एसटीनं आणायचे.

पहिल्यांदा नवऱ्यानं शब्द काढला तेव्हा मास्तर म्हणाले, "वाईन? म्हंजे वाईला मिळती का काय?"

"न्हाई मास्तर, वाईला गणपती मिळतोय," नवरा म्हणाला. "ही आपुन करायची."

मणी मीच पिळले. पायानं तुडवतात म्हणे तिकडं. मी म्हटलं, मी हातानं करीन, मला तुमचे पाय माहीत आहेत. चिनी मातीच्या बरण्यांत रस भरून वर फडकं बांधलं, की चार दिवसांत तो बुडबुडे सोडायचा. नवरा काडी पेटवून बरणीच्या तोंडाशी धरायचा. काडी फट्कन विझायची. मास्तर टाळी द्यायचे, "बघा, हिनं काडीबी प्याली!" हा खेळ ते दर वर्षी करायचे. मीही हसायची. त्यातलं कुणालाच काही कळलं नाही.

रविवारी दुपारी तिघं गोदामाच्या ओट्यावर बसायचे. नवरा आणि मास्तर पितळेच्या फुलपात्रातून प्यायचे. आण्णा पीत नसत. त्यांच्या धर्मात मधसुद्धा चालत नाही, मग हे कुठलं. पण ते फुलपात्र नाकाशी धरायचे. हळदीचा वास घेऊन ती कुठल्या गावची, कवा शिजवलेली हे सांगणारा माणूस तो. डोळे मिटून म्हणायचे, "ह्यात लवंग हाय. आनि खाली थोडी माती."

मास्तर घोट घेऊन म्हणायचे, "लवंग बरोबर. माती न्हाई."

"हाय. परत घे."

"आवं आण्णा, न पिता मला शिकवताय व्हय?"

"तुला पिऊन तरी कुठं कळतंय गड्या?"

असं तास तास चालायचं. तिघांत दारूची पारख खरी आण्णांना होती, आणि तिचा थेंब त्यांच्या जिभेवर कधी गेला नाही. मी आत चुलीपाशी माझं भांडं भरून घ्यायची. चांगली लागायची. आंबट, मग तुरट, मग अंग ढिलं पडायचं. दिवसभर पाठ मोडल्यावर ते बरं वाटायचं. बायकांनी पिऊ नये म्हणतात. मी प्याले.

अडचण एकच होती, उन्हाळा. गोदामाला लागून आमची पत्र्याची खोली, तिच्यात वाईन टिकत नसे. दोन वर्षं तिचा शिरका झाला, तो मी लोणच्यात घातला. नवरा हिरमुसला. म्हणाला, इटलीत ती जमिनीखाली, गारव्यात ठेवतात. तेव्हा आण्णा म्हणाले, "माझं एक पेव रिकामं हाय. नवी हळद यायला दीड म्हैना हाय. ठिवा त्यात."

मास्तरांनी त्यांच्या पाया पडायचं सोंग केलं.

पाच मोठ्या बरण्या दोरानं खाली सोडल्या. बरणीत रस ताजा, नुकता बुडबुडे सोडायला लागलेला. दारूबंदीची भीती, आणि आण्णांना घरच्यांची त्याहून जास्त, म्हणून पेवाच्या तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपून टाकली.

पेवाची एक रीत आहे, ती तिथल्या लहान पोरालाही ठाऊक असते. पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही. त्याला दिवसभर वारं द्यायचं, मग दोरानं कंदील सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं. आण्णांच्या चार पिढ्या ही रीत पाळत आल्या होत्या.

दहाव्या दिवशी सकाळी तिघांनी फरशी काढली. सकाळची कामं उरकून मीही गेले होते. नवरा म्हणाला, "कंदील आनू?"

आण्णा म्हणाले, "हळद असली तर वारं द्याचं. रिकाम्या पेवाला कसलं वारं? हितं काय कुजायलंय?"

ते मलाही पटलं. मास्तरांना तर दम नव्हता. फुलपात्र खिशात घालून ते दोराच्या शिडीनं उतरले. खालून "लवंग लय हाय, आण्णा," असं म्हणाले आणि पडल्याचा आवाज आला. नवऱ्यानं हाक मारली. तो उतरला. मास्तरांना उचलायला वाकला आणि तिथंच भिंतीला टेकून बसला. मान छातीवर.

मी शिडी धरली तेव्हा आण्णांनी माझा दंड इतका घट्ट धरला की पुढं आठ दिवस वळ होता. "वैनी, तुमी गेला तर तुमीबी ऱ्हाल." त्यांनी हमालांना हाका मारल्या. गोदामातल्या खाटेवरची वाकळ ओढून आणली, दोराला बांधली आणि आम्ही दोघं ती पेवात वरखाली, वरखाली करत राहिलो, खालचं वारं हलावं म्हणून. तेवढ्यात एका हमालानं कमरेला दोर बांधला आणि तो उतरला. मग त्यानं ते विचारलं.

नवरा वर आला तेव्हा ओठ निळे होते. तोंडावर पाणी मारलं, पाठीवर बुक्क्या घातल्या. ओकला आणि श्वास घेतला. मास्तरांना काढायला हमालाला परत उतरावं लागलं, आणि त्याच्याआधी त्याला दम घ्यावा लागला.

डॉक्टर म्हणाले, रसाच्या बुडबुड्यांतून निघतो तो जड वायू तळाला साचला होता; जो खाली आडवा होता तो आधीच गेला असेल. असेल म्हणाले. गेला होता म्हणाले नाहीत. मी दोनदा विचारलं.

मास्तरांच्या बायकोनं तेराव्यानंतर मला विचारलं, "आदी कुणाला काढलं?"

"माझ्या मालकाला."

"कुनी सांगितलं?"

"मी."

ती "बरं" म्हणाली. महिन्याभरात रहिमतपूरला निघून गेली आणि पुढं मी गावी गेले की आम्ही एकमेकींच्या दारावरून जायचो, बोलायचो नाही. त्यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

आण्णांनी ते पेव बुजवलं. रविवारी ते येत राहिले, ओट्यावर बसायचे, नवराही बसायचा. मी चहा द्यायची. चहा संपला की आण्णा उठायचे. कंदिलाचं ते वाक्य आण्णांनी पुढं कधी तोंडातून काढलं नाही आणि माझं वाक्य नवऱ्याला मी सांगितलं नाही. हमालाकडून त्याला कळलंच असणार. पुढं आण्णांचं येणं पंधरवड्यानं झालं, मग सणासुदीला.

पेवात त्या सकाळी दोघं अडकले होते. मास्तर गेले. माझा नवरा वाचला आणि त्यानंतर एकोणीस वर्षं जगला.