सरपंचांचं ध्यान आणि सरकारी खाट

ठकीला तिच्या नवऱ्याने आणि दिराने घोंगडीच्या झोळीतून आणून दारात टेकवलं, तेव्हा बाळाचं एक पाऊल बाहेर आलेलं होतं. आणि आमच्या उपकेंद्रातल्या एकुलत्या एका खाटेवर सरपंच ध्यानाला बसले होते. बसले म्हणजे आडवे झाले होते.

हे ताम्हिणीच्या अलीकडचं गाव, साठ सालच्या आसपासची गोष्ट. मी तिथली सरकारी मिडवाइफ, म्हणजे बाळंतपणं करणारी बाई. उपकेंद्र कसलं, पंचायतीने दिलेली एक खोली, कपाट, स्टोव्ह आणि ही लोखंडी खाट. गावातल्या बायका घरीच बाळंत व्हायच्या, त्यामुळे खाट रिकामी. सरपंचांना सगळे आबा म्हणत. ते पुण्याला कुणा महाराजांच्या शिबिराला जाऊन आले होते. अन्याय दिसला तर आधी आतला आवाज ऐका, मग हात घाला, असं तिथे शिकवलं होतं. वाईट काय त्यात? पण आबांना आवाज ऐकायला एकांत लागायचा, आणि तो जेवणानंतर माझ्या खाटेवर बरा मिळायचा. कातकऱ्यांना नव्या विहिरीचं पाणी द्यायचं का? आवाज येऊ दे. त्यांच्या पोरांना शाळेत पुढे बसवायचं का? येऊ दे. वर्षभर घोरण्याशिवाय आवाज काही आला नाही. आणि मी त्यांच्यावर चादर घालत होते, तेही सांगून टाकते.

"आबा, उठा. बाळंतपण आहे."

एक डोळा उघडला. "कुणाचं?"

"वरच्या वाडीतल्या ठकीचं."

"कातकऱ्याची व्हय?" डोळा मिटला. "तिला वसरीवर घ्या, बाई. गावच्या बाया उद्या ह्या खाटंवर यायच्या हायेत."

"वर्षात एक आली नाही."

"येतील की. मला जरा आत विचारू द्या."

आता धंद्यातलं सांगते. पायाकडून येणारं मूल ते पायाळू. त्याचं डोकं शेवटी अडकतं. ओढायचं नसतं. आईला खाटेच्या कडेवर आणायचं आणि बाळाचं अंग खाली लोंबू द्यायचं, म्हणजे त्याच्याच वजनाने डोकं उतरतं. ओसरीच्या जमिनीवर ते लोंबणार कुठे?

तेव्हा माझ्याही आत आवाज आले. दोन आले. पहिला लांबलचक होता. खोली पंचायतीची, तू एकटी विधवा बाई, नोकरी गेली तर खाशील काय, ओसरीवर प्रयत्न करून तर बघ. अगदी समजूतदार, माझ्या थोरल्या दिरासारखा. दुसरा एवढंच म्हणाला, उचल. मी खाटेची एक कड धरून उचलली. ध्यान जमिनीवर आलं.

मूल निळं पडलं होतं. तोंडातली घाण काढली, पाठ चोळली, तेव्हा कुठे रडलं. मुलगा.

चौथ्या दिवशी पौडहून डॉक्टरसाहेब आबांचा अर्ज घेऊन आले. खाट विटाळली आहे, कातकरी बायकांना यापुढे खोलीबाहेर ठेवावे, असे माझा अंतरात्मा सांगतो, असं त्यात लिहिलेलं.

साहेब भला माणूस. म्हणाले, "बाई, माझा अंतरात्मा तुमच्याच बाजूने आहे. पण मेमो द्यावा लागेल."

मेमो म्हणजे असं का केलंत, हे लेखी विचारायचं. मी तिथल्या तिथे उत्तर लिहिलं: आतून सांगितलं म्हणून.

"असं सरकारी कागदावर चालत नाही."

"आबांचं चाललं की."

"ते सरपंच आहेत."

निकाल लागेपर्यंत कातकरी बाया ओसरीवर, असा हुकूम देऊन साहेब गेले. पुढच्या सात महिन्यांत दोघी तिथे पावसाचे शिंतोडे अंगावर घेत बाळंत झाल्या. नशिबाने मुलं सरळ आली. आत खाट रिकामी.

विटाळलेल्या खाटेवर आबाही फिरकेनात. चावडीच्या गार फरशीवर ध्यान करू लागले आणि कमरेत उसण भरली. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ पाठीवर घ्यायची, हे आमच्याकडे सगळा मुलूख मानतो. गावातली पायाळू म्हातारी मागच्या साली वारली होती. उरला ठकीचा पोरगा.

एक दिवस ठकी पोराला मला दाखवायला आली होती. आबा काठी टेकत दारापर्यंत आले.

"ठके, पोर माझ्या घरी आण. मागच्या दारानं."

"न्हाई, आबा. पोर खाटंवर झालंय, खाटंवरच लाथ मारंल. तुमी हितं निजा."

"अगं, इटाळलीया ती."

"मंग पोरबी इटाळलंय. त्याची लाथ कशाला पायजे?"

"बाई, तुमी तरी सांगा हिला."

"मी काय सांगू? आत विचारा," मी म्हटलं.

ह्या खेपेला आवाज लगेच आला. आबा खाटेवर पालथे पडले. ठकीने पोराला बगलेत धरून त्याचे पाय त्यांच्या कमरेवर टेकवले. पोर खुशीत नाचलं. दारात अर्धं गाव जमलं होतं. कुणी हसलं नाही. घरी जाऊन हसले असतील.

ज्या खाटेवर आपण गावादेखत पालथे पडलो, तिच्या विटाळाचा अर्ज पुढे रेटता येत नाही. आबांनी तो मागे घेतला, माझा मेमो फायलीत मेला, आणि पुढच्या आठवड्यात ठकीची जाऊ खाटेवर बाळंत झाली. उसण लाथेने गेली म्हणे. मी दोन दिवस गरम विटेचा शेक दिला होता, तो कुणाच्या लक्षात नाही. विहिरीबद्दल मात्र आबांचं आत विचारणं पुढे तीन उन्हाळे चालूच राहिलं.

मी चार बुकं शिकलेली बाई, ध्यानातलं मला काय कळणार. पण आतला आवाज दुसऱ्याच कुणाला थांब म्हणत असेल, तर तो जेवणानंतरचा समजावा.