मामंजींच्या उपरण्याच्या गाठी

माझे सासरे मजलिशीचे मेंबर होते. हैदराबादला निजाम सरकारची कायदे करणारी सभा भरायची, तिला आमच्याकडे सगळे मजलिस म्हणत. तिथं बसणारे बहुतेक सरकारचेच बडे हुद्देदार. जमीनदारांच्या तर्फेनं गेलेली माणसं अगदी थोडी, त्यांत मामंजी. पालीजवळच्या आमच्या गावात याचं कौतुक इतकं की, बिंदुसरा नदीला पाणी कमी आलं तरी लोक म्हणत, "मालक, एवढं मजलिशीत घाला."

लोकांच्या तक्रारी लक्षात ठेवायची मामंजींची रीत निराळी होती. अर्ज करायचा तर उर्दूत, आणि उर्दू येणारी माणसं बोटावर मोजण्याएवढी. म्हणून हैदराबादला निघायच्या आधी काही दिवस ते ओसरीवर बसत आणि येईल त्याच्यापुढं खांद्यावरचं उपरणं धरत. माणसानं आपलं दुखणं सांगायचं आणि स्वतःच्या हातानं उपरण्याला गाठ मारायची. काम झालं की ज्याची गाठ त्यानंच येऊन सोडायची. मामंजी म्हणायचे, "कागद कुनी बी फिरवतंय. गाठ फिरत न्हाई." बोटांनी गाठ चाचपली की त्यांना माणूस आठवायचा, आणि माणूस आठवला की त्याचं गाऱ्हाणं.

मी तेव्हा नवी सून. सासऱ्यासमोर पदर नाकापर्यंत आणि तोंडाला कुलूप. काही सांगायचं झालंच तर ते सासूबाईंच्या कानात सांगायचं. त्यांना पटेल तेवढंच त्या पुढं पोचवायच्या. म्हणजे एक मजलिस आमच्या घरातही होती आणि तिच्या मेंबर सासूबाई होत्या. मी मुळात बडबडी. माहेरी मला सगळे साळुंकी म्हणत. मूग गिळून बसणं म्हणजे काय, ते मला त्या घरात कळलं.

त्या वर्षी निघायच्या आदल्या दिवशी एक धनगरीण आली. फाटकापाशीच उभी राहिली. किती म्हटलं तरी आत येईना. मेंढरं मागं रस्त्यावर होती. मीच तिला तांब्याभर पाणी नेऊन दिलं. मामंजी उपरणं घेऊन फाटकापर्यंत गेले. गावामागचा डोंगर जंगल खात्यानं चराईला बंद केला होता, चौकीदार मेंढरं कोंडून ठेवत होता. ती म्हणाली, "मालक, डोंगर खुला न्हाई झाला तर आमाला कृष्णेकडं जावं लागंल. माजी सून पोटुशी हाय. एवढी वाट ती चालंल कशी?" मग तिनं उपरण्याच्या टोकाला गाठ मारली, दातानं आवळून. जरा लांब उभी असलेली तिची सून मला दिसली. माझ्याच वयाची होती. तिनं माझ्याकडं बघून हसल्यासारखं केलं.

आम्ही छकड्यातून जालन्याला आणि तिथून आगगाडीनं हैदराबादला गेलो. मामंजी बाहेरचं खात नसत, म्हणून चूल सांभाळायला सासूबाई आणि मी बरोबर. बिऱ्हाडावर पोचल्यावर मामंजींनी ट्रंक उघडली, उपरणं बाहेर काढलं आणि तसेच खाली बसले.

उपरणं पांढरंशुभ्र होतं. भाताच्या पेजेची खळ देऊन, कडक घडी घालून ठेवलेलं. एक गाठ म्हणून शिल्लक नव्हती.

"हे कावून धुतलं?" मामंजींनी विचारलं.

"कावून म्हंजे?" सासूबाई म्हणाल्या. "तिथं नवाब बसत्यात, आन् तुमच्या खांद्यावर ते चिंधूक! सोडवता सोडवता नखं गेली माजी."

दुसऱ्या कुणाच्या घरात त्या दिवशी भांडी आपटली असती. मामंजी रागावले नाहीत. ते सासूबाईंच्या नखांकडं बघत राहिले आणि मग हसायला लागले. पण डोळ्यांत पाणी होतं, ते मी पदराआडून पाहिलं. मला दोघांचीही माया आली.

सासूबाईंना चूक उमगली तशी त्या चुलीपुढं मांडी घालून बसल्या. गाऱ्हाणं कुणाचंच त्यांना ठाऊक नव्हतं. पण आमच्या ओसरीवर आलेला माणूस जेवल्याशिवाय जात नसे, आणि कोण काय जेवलं हे त्या मरेपर्यंत विसरल्या नसत्या. "कडा गावचा एक आलता, त्यानं वांग्याला हात लावला न्हाई." मामंजी म्हणाले, "हां, त्याच्या गावचा जकातीचा नाका!" "धारूरचा म्हातारा, दात न्हाईत, ताकात कुस्करून खाल्ली भाकर." "त्याचं बारवंचं." असं करत करत भाकऱ्यांवरून सगळा जिल्हा परत गोळा झाला. मामंजी एकेक गाठ पुन्हा मारत गेले. कडक उपरण्याला ती नीट बसेना, तेव्हा ते सासूबाईंकडं बघत आणि त्या तिसरीकडंच बघत.

शेवटी मामंजींनी उपरण्याचं टोक बोटांत धरलं. "हितं एक व्हती. लई घट्ट व्हती. कुनाची बरं?"

सासूबाईंना आठवेना. कसं आठवणार? ती बाई आत आलीच नव्हती, जेवलीही नव्हती. मी त्यांच्या कानाशी लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मला कोपरानं ढोसलं. "मेंढराचं काय मजलिशीत सांगायचं? हसत्याल लोक. गप बस."

मी गप्प बसले. सकाळी मामंजी मजलिशीत लागणारी दस्तार, म्हणजे पगडी, बांधून आणि शेरवानी चढवून तयार झाले. दाराशी टांगा उभा होता. तरी उपरण्याचं ते रिकामं टोक त्यांच्या हातातच. एकदा उंबऱ्यापर्यंत जायचे, पुन्हा मागं यायचे. सांगावं तर घराण्याची रीत मोडणार, आणि न सांगावं तर ती पोटुशी पोर कृष्णेची वाट चालणार. ते टांग्यात पाय ठेवायला गेले आणि माझ्या तोंडून निघालं, "मामंजी, ती गाठ धनगरणीची हाय. डोंगर बंद केलाय. तिची सून पोटुशी हाय."

सासूबाईंच्या हातातली पळी खाली पडली. मामंजी वळले. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझा आवाज ऐकला नव्हता. मला वाटलं, आता माझी रवानगी माहेरी. ते परत उंबऱ्यापाशी आले आणि त्यांनी उपरणं माझ्यापुढं धरलं.

"मार गाठ," म्हणाले. "ज्यानं सांगितलं त्यानंच मारायची."

पदर सावरत मी कशीबशी गाठ मारली. त्यांनी उपरणं घडी करून शेरवानीच्या खिशात घातलं आणि गेले.

परत आल्यावर त्यांनी सगळं रंगवून सांगितलं. मेंढरांचं नाव काढल्यावर एक बडे साहेब खरंच हसले होते. मामंजी म्हणाले, "हुजूर, मेंढरांना दस्तार बांधता येत न्हाई, म्हनून त्यांच्या तर्फेनं मी बांधून आलोय." मग कुणी हसलं नाही म्हणे. मामंजींच्या सांगण्यातलं थोडं वगळून ऐकावं लागे, पण एवढं मला खरं वाटलं.

हुकूम यायला पावसाळा लागला. सगळा डोंगर काही सुटला नाही. गावाकडची उतरण तेवढी चराईला मोकळी झाली. धनगरीण आली, ती सुनेला आणि तिच्या कडेवरच्या तान्ह्याला घेऊन. या वेळी फाटकाच्या आत आली. ओसरीवर माणसं बसली होती. मामंजींनी उपरणं पुढं केलं. तिनं गाठ चाचपली आणि मान हलवली. "ही माजी न्हाई, मालक. आमची गाठ दाव्याची असती. ही कुनाची?"

मामंजींनी आत हाक मारली. "सूनबाई, भाईर या. तुमची गाठ सोडा."

मी बाहेर गेले. एवढ्या पुरुषांपुढं ओसरीवर मी कधी उभी राहिले नव्हते. खळ लागलेली गाठ नखांना दाद देईना. शेवटी धनगरणीसारखीच दातानं ओढली, तर पदर डोक्यावरून घसरला. सासूबाई लगबगीनं पुढं आल्या, पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आता बोलतीच हायस, तर सांग समद्यांला. खळ चांगली बसली व्हती का न्हाई?"

मी तोंडातली गाठ सोडली, मान वर केली आणि मोठ्यानं सांगितलं, "लई चांगली बसली व्हती."