सोडा न घालणारी मनुबाई

तांबखडीच्या एसटी स्टँडसमोर मनुबाईची खानावळ आहे. कराडकडून विट्याकडे जाणारा ड्रायव्हर-कंडक्टर तिथं उतरला नाही असं व्हायचं नाही, आणि उतरून अख्खा मसूर खाल्ला नाही असं तर नाहीच नाही. लसणाची खरपूस फोडणी, वर चिरलेला कांदा, आणि दाणा असा की बोटांत धरला तर अख्खा, जिभेवर ठेवला तर लोणी. नवरा फौजेत असताना तिनं एका चुलीवर हा धंदा उभा केला. नवरा पेन्शनीत आला, पुढं वारला. पोरगी संयोगिता वाईला नांदायला गेली. मनुबाई मात्र त्याच पातेल्यासमोर उभी. आजूबाजूच्या हॉटेलवाल्यांनी मसूर लवकर शिजावा म्हणून चिमूटभर खायचा सोडा टाकायला केव्हाच सुरुवात केली होती. त्यावर मनुबाईचा एकच शेरा असायचा.

"सोडा टाकल्याली आमटी आन् शेंबूड, दोन्ही सारखंच बुळबुळीत. मी न्हाई माणसाला वाढायची."

मग एका उन्हाळ्यात तिचा मसूर शिजायचा बंद झाला.

भिजवला, उकळला, झाकण ठेवून वाफवला. दाणा दाताखाली टचकन वाजायचाच. कुकर लावला तर सालं सुटून वर तरंगली आणि आतला दाणा होता तसा. एका कंडक्टरनं घास मोडता मोडता विचारलं, "काकू, मसूर हाय का छर्रे?" सगळी खानावळ खिदळली. मनुबाईच्या कानशिलात ते हसू जाऊन बसलं. तिनं वाटीभर मसूर उचलला, तरातरा किराणावाल्या नारायणशेठच्या दुकानात गेली आणि त्याच्या काउंटरवर ओतला.

"शेठ, कवाचा माल ह्यो? तुमच्या लग्नातला का?"

"आवं काकू, नवाच हाय. शप्पत."

"शप्पत बी मापात घालून इकताय व्हय?"

चार माणसांत त्या सरळ वाण्याला चोर ठरवून ती बाहेर पडली. दुसऱ्या दुकानातून मसूर आणला, तोही तसाच. तिसऱ्यातून आणला, तोही. तरी दुसरं काही कारण असेल असं तिच्या मनात आलं नाही. गावातल्या सगळ्या वाण्यांनी मिळून आपल्याला बुडवायचं ठरवलंय, असं मात्र आलं.

त्यातच संयोगिताला दिवस गेल्याचं कळलं, म्हणून मनुबाई वाईला गेली. जाताना नारायणशेठचा तो बदनाम मसूर पिशवीत टाकला. फेकवत नव्हता, जावयाच्या कोंबड्यांना तरी होईल. संयोगितानं पिशवी उघडली आणि आईला न विचारता तो शेगडीवर चढवला. मनुबाई अंघोळ करून येते तो घरभर वास. तिनं एक दाणा बोटांत धरला, जिभेवर ठेवला. लोणी.

"आई, रडतीयास का काय?"

"रडती कशाला? माझंच थोबाड फोडून घ्यावं वाटतंय."

आत्ता अंघोळीला साबणाचा केवढा फेस आला होता, ते तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तांबखडीत महिनोन् महिने साबण अंगावर फाटत होता. बादलीला पांढरी खपली धरत होती, चहावर तवंग येत होता, धुतलेली लुगडी वाळली की पत्र्यासारखी ताठ होत होती. 'उन्हाळ्याचं असंच' म्हणून सगळं गाव गप्प होतं. तीही तसंच म्हणत होती. खोट मसुरात नव्हती, पाण्यात होती.

परत आली ती एसटीतून उतरून पहिली नारायणशेठच्या दुकानात गेली. "शेठ, तुमचा मसूर चांगला हाय. जीभ माझी वाईट हाय."

शेठ हसला नाही. वजनं पुसत म्हणाला, "नदीवरची मोटार जळलीया, काकू. नगरपंचायतीनं बोअरचं जड पाणी टाकीत सोडलंय. त्यात डाळ शिजत न्हाई. सगळ्यांस्नी ठावं हाय."

"मग त्या दिशी बोलला का न्हाई?"

"तुमी बोलू दिलं व्हय?"

दुसऱ्या दिवशी मनुबाई नगरपंचायतीत गेली. तिथल्या साहेबानं खुर्चीतून न हलता सांगितलं, "पाणी जरा जड आहे बाई, पण पिण्यालायक आहे." बोलता बोलता त्यानं शेजारच्या जारमधून ग्लास भरून घेतला. जार फिल्टर पाण्याचा. फिल्टरचा प्लांट नगराध्यक्ष वीरधवलदादांच्या मेव्हण्याचा. मोटार जळल्यावर महिन्याच्या आत तो प्लांट उभा राहिला होता, आणि मोटार अजून दुरुस्तीलाच होती. रोज सकाळी गावातल्या बाया तिथं रांगेत उभ्या राहत. नळाचं पाणी नासवायचं यांनी, आणि गाळून विकायचंही यांनीच! घरी येऊन तिनं खडू घेतला आणि खानावळीच्या पाटीवर लिहिलं: 'नळाला बोअरचं पाणी सोडल्यामुळे अख्खा मसूर बंद आहे.'

धंदा निम्म्यावर आला. पण येणारा-जाणारा पाटी वाचायचा, विचारायचा, आणि पुढच्या गावात जाऊन सांगायचा. शेवटी एके दुपारी ऐन जेवणाच्या वेळेला वीरधवलदादाच आले. कडक इस्त्रीचा शर्ट, मागं चार पोरं.

"काकू, पाटी काढा बरं. गावाची बदनामी हुतीया. तुमाला रोज जार धाडतो. फुकट."

"आन् गावाला?"

"गावाचं बघू की."

मनुबाईनं तांब्या नळाखाली धरला, भरला आणि त्यांच्यापुढं ठेवला. "आधी पाणी घ्या. दारी आल्याल्या माणसाला पाणी द्यायची रीत हाय आमची."

खानावळीतले घास थांबले. दिलेलं पाणी नाकारायचं म्हणजे घराचा अपमान, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. दादांनी तांब्याकडं पाहिलं, पोरांकडं पाहिलं, मग तोंड वर करून घटाघटा संपवला आणि मिशी पुसली. "गोड हाय की!" पोरं हसली. गिऱ्हाइकंही हसली. कोपऱ्यातल्या एकानं तर टाळी वाजवली.

"प्यालासा, बरं झालं," मनुबाई म्हणाली. "एका तांब्यानं कोण मरत न्हाई. आता बसा. नळाच्या पाण्यात मसूर लावती. शिजला की खाऊन जावा. पाटी मी माझ्या हातानं काढती."

सगळ्यांसमोर उठून जाता येईना, म्हणून दादा बसले. पातेलं उकळायला लागलं. दादांनी फोन लावला, मग पोराला वारा घालायला लावलं, मग घड्याळ बघितलं. मनुबाई मधून मधून पळीवर दाणा घेऊन त्यांच्यापुढं धरी. दोनदा त्यांनी दाबून पाहिला. तिसऱ्यांदा हातच पुढं केला नाही. खानावळ जेवण संपवून तशीच बसून राहिली होती. शर्ट पाठीला चिकटल्यावर दादा उठले.

"मीटिंग हाय मला."

"अजून शिजला न्हाई, दादा."

"मग टाका की जरा सोडा! सगळं गाव टाकतंय," ते दारातून म्हणाले आणि गाडीत बसून गेले.

मनुबाईला वाटलं, आता कोणीतरी पेटेल. या सगळ्यांनी दाणा डोळ्यांनी बघितला होता. टाळी वाजवणाऱ्यानंच घसा खाकरला. "काकू, दादा म्हणत्यात त्ये काय खोटं न्हाई. टाका चिमूटभर. आमी घिऊ की चालवून."

"व्हय," दुसरा म्हणाला. "आता सवय झालीया."

मनुबाईनं गॅस बंद केला. दादांचा राग आला होता, तो निदान समोरासमोरचा होता. हे ऐकून तिला नुसती शिसारी आली.

"चालवून घ्याल. उद्या नळाला गटार आलं तरी चालवून घ्याल, आन् वर त्यात सोडा टाकाल! त्याला काय बोलू मी? त्यानं पाणी नासवलं. तुमी तर जीभच नासवून बसलाय." तिनं पातेलं उचललं, मागच्या दारानं जाऊन उकिरड्यावर ओतलं आणि तसंच रिकामं आणून जमिनीवर आदळलं. "माझ्या पातेल्यात सोडा पडायचा न्हाई. पिठलं-भाकरी हाय. ज्याला खायाचं त्यानं बसा."

दारात उभं राहून सगळं बघणारे, अजून न जेवलेले दोघं-चौघं आत आले आणि निमूट पाटावर बसले. ताटाशेजारी नळाचंच पाणी भरून घेतलं. भूक लागली होती त्यांना. मनुबाईनं कपाळाला आठ्या घालून एकेकाच्या ताटात पिठलं वाढलं. पाटी काढली नाही.