तुळसकरकाकांची मिशी

दुपारचे अडीच वाजलेत. कुडाळजवळच्या आमच्या आमरसाच्या कारखान्यात तीनला माझा वर्ग आहे. बाटल्या भरणाऱ्या कामगारांना संख्याशास्त्र शिकवायचंय. गेल्या वेळी मी 'प्रमाण विचलन' एवढंच म्हणाले आणि निम्मा वर्ग झोपला. आज ट्रेनिंग रूम रिकामी आहे, पंखा फिरतोय आणि पेंगतेय मी.

डोळे मिटतात न मिटतात तोच पहिल्या बाकावर भिकाजी तुळसकर दिसतात. बावीस वर्षं बाटल्या भरण्याच्या मशीनवर होते. पांढरीशुभ्र, भरघोस मिशी.

"काका, तुम्ही तर पौषात गेलात ना?"

"गेलो. पण ट्रेनिंग सक्तीचं आहे म्हणे."

मी फळ्याकडे वळते, तर तिथे आरसा. हे बाजारातलं सलून आहे. काका खुर्चीत, हातात कात्री. शेजारच्या खुर्चीत मी.

"मॅडम, डावी बाजू मोठी वाटते?"

"किंचित."

ते डावी कापतात. आता उजवी मोठी. मग उजवी कापतात, मग पुन्हा डावी.

"काका, थांबा! एवढं कमी-जास्त असायचंच."

"असायचंच ना?" ते आरशातून माझ्याकडे बघतात. ओठावर चार केस उरलेत. "बाटलीत दोन ग्रॅम कमी दिसले की मी व्हॉल्व्ह फिरवायचो. पुढचीत जास्त झाले की उलटा. प्रत्येक बाटली बरोब्बर हवी, असं तुम्हीच सांगितलेलं. मग वजनं फार हलतात म्हणून मेमोही तुम्हीच दिलात."

तेव्हा मी इथे नवीनच होते, पहिलीच नोकरी. पण ती सबब नव्हे.

"चुकलं माझं, काका. थोड्या फरकाला हात लावू नका, एवढंच सांगायला हवं होतं."

"मग आज सांगा. ते विचलन-बिचलन नंतर. आधी मिशी सांगा."

"आणि तो मेमो?"

"वाचलाच नाही. चष्मा घरी होता." ते हसतात, आणि उरलेले चार केसही कापून टाकतात.

दार वाजतं. मी दचकून उठते. कामगार आत येतायत, सर्वांत पुढे सुलभाताई नेमळेकर. त्या माझ्याकडे बघतच राहतात.

"मॅडम, मानेला काय लावलंय?"

मी हात फिरवते. बोटं पांढरी होतात. सलूनच्या पावडरीचा वास येतो.

"कारखान्यात पावडर लावून यायला बंदी आहे," सुलभाताई हळूच म्हणतात. "नियम तुमचाच."