धुक्यातले तीन ठोके

धक्क्याच्या टोकाला घंटा आणि घंटेपाशी घंटेकाका, वीस वर्षं. धुकं पडलं की काका दर मिनिटाला दोर ओढायचे. आवाज ऐकू आला की प्रत्येक होडीने आपल्या ठरलेल्या ठोक्यांनी डबा बडवायचा. त्यावरून होड्यांना एकमेकींचा ठावठिकाणाही कळायचा.

भानगड घंटेच्या वर्गणीची होती. काकांचा धाकटा भाऊ एकदा म्हणाला, "दादा, मी नाही भरली तर घंटा मला ऐकू यायची थांबणार आहे का?" बरोबरच होतं मेल्याचं!

बंदरावरचा कारकून अर्थशास्त्र शिकलेला. "काका, या एका प्रश्नावर विद्वानांनी पिढ्यानपिढ्या डोकेफोड केलीय. आधी म्हणाले, वापरेल त्याने द्यावं. मग कळलं, वापरणाऱ्याला अडवताच येत नाही. शेवटी म्हणाले, सगळ्यांकडून सक्तीने घ्या."

"मग घ्या की!"

"सक्ती करायला मी कोण? डबा वाजवतील त्यांची नावं टिपतो, आणि त्यांच्याकडे वर्गणी मागतो."

झालं! भावाने आपले तीन ठोके वाजवणंच सोडलं. त्याचं बघून बाकीच्यांनीही. पाण्यावर तीस होड्या आणि जबाब चारांचे. उरलेले नुसते ऐकत बसायचे. त्या ऐकण्याने काकांच्या अंगावर काटा यायचा.

"वाजव रे बाबा," काका भावाला विनवायचे, "तुझी वर्गणी मी भरतो."

"फुकट मिळतंय ते विकत कशाला घेतोस, दादा?"

एका सकाळी चार जबाब आले आणि मग लाकूड फुटल्याचा आवाज. दोन मुक्या होड्या एकमेकींवर आदळल्या होत्या. एक भावाची होती; दुसरीतले वाचले. भावाच्या होडीची फळी धक्क्याच्या पायरीला लागली, भाऊ नाही. काका त्या फळीशी लहान मुलासारखे रडले.

पुढच्या धुक्यात चार जबाबांनंतर पाचवा आला. तीन ठोके, अगदी पायरीजवळून.

"हे... हे कोणाचे?" कारकुनाची बोबडी वळली.

काकांनी खिशातून नोटा काढल्या. "माझ्या भावाचे. लिही नाव."

कारकुनाने लिहिलं. ते तीन ठोके पाण्यावरही सगळ्यांनी ऐकले होते. एकेक करत उरलेले सगळे डबे वाजू लागले. दुपारपर्यंत सगळ्या होड्या लागल्या, माणसं धक्क्यावर दाटीवाटीने उभी राहिली. समोर पाणी रिकामं होतं, आणि तीन ठोके येतच होते.

"काका, बास करा आता," कोणीतरी रडवेल्या आवाजात म्हणालं. "सगळे आले."

काकांनी दोर ओढला.

"बास कसं करू? त्याची वर्गणी भरलीय."