निलगिरीशी उभा दावा

एका झाडाशी जन्माचं वैर धरून बसलेली बाई त्रिभुवनात एकच असेल, तर ती आमच्या चामराजपेटेतल्या घरमालकीणबाई. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, म्हणून मीही म्हणतो. त्यांचं घराणं मराठी खरं, पण इतक्या पिढ्या इथं काढलेलं की निम्मं वाक्य कानडीत कधी शिरतं ते त्यांचं त्यांनाही कळत नाही. त्यांचं वैर निलगिरीशी. घरात निलगिरीचं तेल घातलेला बाम चालत नाही. सर्दी झाली तर अक्का आठवडाभर खुशाल शिंकतात, पण माघार घेत नाहीत. बांधकामाला निलगिरीच्या बल्ल्यांचे टेकू दिसले की रस्ता ओलांडून पलीकडून चालतात. एकदा इंदिरानगरात एका रिसेप्शनला त्या स्टेजवर गेल्या, नवरीला आशीर्वाद दिला आणि तिच्या हातातल्या गुच्छातली निलगिरीची पानं एकेक करून काढून पर्समध्ये टाकली. नवरीला वाटलं, इकडची काही रीत असेल. तिनं वाकून पुन्हा नमस्कार केला.

कागद निलगिरीच्या लगद्यापासून होतो, म्हणून अक्का कोरा कागद विकत घेत नाहीत. सरकारला जायचे अर्ज जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर जातात. एका कारकुनानं अर्ज पोचल्याचं कळवताना वधूवरांना शुभेच्छाही दिल्या होत्या. अर्जांचा विषय मात्र कायम एकच. शहराबाहेर अक्कांच्या आजोळच्या गावाला लागून एक टेकडी आहे. तिच्यावर करवंद, पळस, धावडा, टेंभुर्णी, मधूनच चुकार चंदन. सरकारदप्तरी ती सगळी ‘पडीक जमीन’, आणि पडीक म्हणून ती एका कागद कारखान्याला निलगिरीच्या लागवडीसाठी द्यायचं घाटत होतं. अक्का दर रविवारी बसनं तिथं जायच्या. गावातल्या बायकांना बरोबर घेऊन जुन्या साड्यांच्या चिंध्या फाडायच्या आणि प्रत्येक झाडाझुडपाला त्याचं नाव लिहून एक चिंधी बांधायच्या. “नाव असलेल्याला पडीक कसं म्हणतील रे?” हा त्यांचा साधा हिशेब होता.

माझी त्यांची गाठ पडली तीही याच टेकडीवर, आणि मी गुन्हेगार म्हणून. तेव्हा मी पुण्याहून नुकताच इथल्या एका संशोधन संस्थेत इंजिनियर म्हणून आलो होतो. आम्ही सहकारी मंडळी एका रविवारी टोप्या घालून वृक्षारोपणाला गेलो. त्याच कारखान्यानं रोपं फुकट दिली होती. आम्ही करवंदाच्या जाळ्या साफ केल्या, दोरी धरून ओळीत खड्डे घेतले आणि निलगिरी लावली. फोटो काढत होतो तेवढ्यात छत्री घेतलेल्या एक बाई चढण चढून आल्या. “अय्यो, इतकी शिकलेली पोरं! रान तोडून झाडं लावताय?” एवढंच म्हणाल्या आणि छत्री टेकून उभ्या राहिल्या. आम्ही मुकाट्यानं सगळी रोपं उपटली. परतताना बसमध्ये त्यांनी विचारलं, राहतोस कुठं? म्हटलं, घर शोधतोय. “वरचा मजला रिकामा आहे. स्वतः लावलेलं स्वतः उपटणारा भाडेकरू मिळत नाही,” अक्का म्हणाल्या.

पाहणीला वनाधिकारी यायचे ठरले आणि नेमका आदल्या दिवशी अक्कांचा गुडघा आडवा आला. “तू जा,” त्या म्हणाल्या. माझं कानडी ‘स्वल्प’ म्हणजे थोडं, इथपासून ‘सरी’ म्हणजे बरं, इथपर्यंत. अधिकाऱ्यांनी टेकडीकडे बघून हिंदीत विचारलं, “यहाँ जंगल कहाँ है? झाड़ियाँ ही तो हैं.” मी त्यांना आम्ही साफ केलेल्या त्या पट्ट्यापाशी नेलं आणि मोडक्यातोडक्या भाषेत सांगून टाकलं की मलाही असंच वाटलं होतं, हे माझं काम आहे, आणि इथं अजून करवंद परतलेलं नाही. मग गावातल्या बायका पुढं झाल्या. चिंधी धरायची, नाव सांगायचं. हे तापाला, हे बाळंतिणीला, याचा खराटा. अधिकारी आधी घड्याळ बघत होते, नंतर वही काढून बसले. पुढं हुकूम आला तेव्हा खालची उतरण कारखान्याला गेली होती, पण वरची टेकडी वाचली. अक्का उतरणीसाठी रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी नवी लग्नपत्रिका शोधू लागल्या.

आता त्यांना चढण झेपत नाही. रविवारी मी जातो आणि संध्याकाळी येऊन पाहिलं ते सगळं सांगतो. पान तोडून आणायची परवानगी नाही, मोबाइलवरचा फोटो त्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे वर्णन करावं लागतं, आणि त्या डोळे मिटून झटकन नाव सांगतात. या बाईनं मला घर दिलं, पण त्याहून मोठं म्हणजे बघायला शिकवलं. हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. परवा दगडाच्या फटीत एक रोप दिसलं, दोन बोटं उंच, जांभळं फूल. मी तीनदा वर्णन केलं, अक्कांना काही ओळखता येईना. मी घाबरून विचारलं, “नाव नाही तर चिंधी कशी बांधायची? आता काय करायचं?”

“काय करायचं? मला न विचारता उगवलंय, उगवू दे,” म्हणाल्या आणि खूप हसल्या. मग दुखऱ्या गुडघ्यावरून हात फिरवत हळूच म्हणाल्या, “फूल कसं म्हणालास? परत सांग.”

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो.