मामांचं थांबवायचं बटण

मोठे मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लाखांदूरला निघालेल्या एसटीत होते. धाकटी बहीण वैशू रडत बोलत होती आणि मला मात्र रडू येण्याआधी सुटल्यासारखं वाटलं... बरं झालं, मामा पाहून गेले. दीड महिन्यानंतरही हे वाक्य मला बदलावंसं वाटत नाही.

आमचं घर पत्रकांच्या गठ्ठ्यांचं. मामांचं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं, त्या वेळी बाबांनी काढलेली पत्रकं वाचतच मी अक्षरं शिकले. त्या गावाचं आता एकच चालतंबोलतं चित्र उरलंय, मामांच्या पुतणीच्या लग्नाची डीव्हीडी. त्यात मांडवाच्या खांबाशी शेवंतामामी क्षणभर दिसते, तोंडाला पदर लावलेली. मामांच्या जुन्या प्लेअरवर तिचा चेहरा म्हणजे नुसता पांढरा डाग. ती रडते आहे, अशी मामांची खात्री होती. त्याच आठवड्यात त्यांनी तिला न विचारता घर सोडायच्या कागदावर सही केली होती. गाव उठण्याआधीच मामी वारली. विचारायचं राहून गेलं. "मीच रडवलं तिले," एवढंच म्हणायचे आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसायचे. माझ्या एका पत्रकाची सुरुवातही त्याच रडणाऱ्या बाईनं होते.

गेल्या हिवाळ्यात वैशू नागपूरहून गेम खेळायचा कन्सोल घेऊन मामांच्या पुनर्वसनातल्या घरी आली. बाजार माणसाला कसा खेळवत ठेवतो, यावर मी तिला चांगलंच सुनावलं. ती म्हणाली, "ताई, भाषण झालं असन तर वायर पकड." कन्सोल डीव्हीडीही चालवतो आणि नव्या टीव्हीवर चित्र जुन्या प्लेअरपेक्षा कितीतरी स्वच्छ देतो, हे तिला ठाऊक होतं. लग्न सुरू झालं. विहिरीचे दगड दिसले, दाराच्या चौकटीवरची हळदीची बोटं दिसली... मग मामी आली. वैशूनं चित्र थांबवलं. पदराखालच्या मुठीत अर्धा लाडू, गाल फुगलेला, डोळे हसून बारीक झालेले.

मामा उठून टीव्हीपाशी गेले. "अवो, लाडू खाऊन राहिली वो ही! पंगत बसाच्या आधी!" मग तिथंच खाली बसले. "हासून राहिली, पोरी... मले वाटे रडते." एका लाडवानं त्या सहीचा प्रश्न सुटत नाही, हे मला कळतं. त्यांनाही कळत होतं. पण इतक्या वर्षांत त्यांचे खांदे असे सैल पडलेले मी पाहिले नव्हते. थोड्या वेळानं माझ्याकडे वळून म्हणाले, "आता तुह्या पत्रकाचं कसं वो?"

"हसणाऱ्या बाईचंही घर बुडतंच, मामाजी."

"मंग तसं लिही. लाडवासकट लिही."

वैशूनं कन्सोल तिथंच ठेवला. त्याचा रिमोट पूजेच्या ताटासारखा दोन्ही हातांत धरून मामा त्यावरचं एकच बटण शिकले, थांबवायचं. बाकीचं लग्न त्यांनी नंतर कधी पुरं पाहिलं की नाही, कोण जाणे.

मामांच्या तेरवीला जेवणं आटोपल्यावर टीव्ही लावला. डीव्हीडी कन्सोलमध्येच होती. मामी आली तसं मी बटण दाबलं. त्यावर खर्र्याचा तपकिरी डाग आहे, वैशू तो कुणाला पुसू देत नाही. खोलीतल्या बायकांनी एकेक करून तोंडाला पदर लावले... लांबून कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, आम्ही सगळ्या रडतोय.